स्तेन कोण? : गीता, अध्याय ३, श्लोक १२



काल आपण तिसऱ्या अध्यायातला अकरावा श्लोक वाचला. तुम्ही देवांना जपा, देव तुम्हाला जपतील, आणि असं एकमेकांना जपत गेलात की सगळ्यांचंच भलं होईल, असा त्याचा भाव. ऐकायला गोड वाटतो. आजचा बारावा श्लोक मात्र गोड नाही. देवांनी दिलेलं भोगायचं आणि त्यांचा वाटा त्यांना परत द्यायचा नाही, असं जो वागतो त्याला भगवंत 'स्तेन' म्हणतात. स्तेन म्हणजे सरळ सरळ चोर.

गंमत बघा, या श्लोकात कुणी कुणाचं कुलूप फोडलेलं नाही. कुणाच्या खिशात हात घातलेला नाही. मिळालं ते खाल्लं आणि द्यायचं तेवढं दिलं नाही, एवढाच गुन्हा. आपण फार तर अशा माणसाला 'चिकट' म्हणू, 'हिशेबी' म्हणू. भगवंत चोर म्हणतात.

खरं सांगू का, इतकी वर्षं हा श्लोक वाचताना माझ्या डोळ्यांपुढे फक्त नैवेद्याचं ताट यायचं. देवापुढे ताट ठेवलं, पाणी फिरवलं, मग जेवलो, की झालो आपण चोरीतून मोकळे. यंदा दिवाळीनंतर मात्र हा श्लोक थेट माझ्या ऑफिसच्या टेबलावर येऊन बसला. आजचं चिंतन त्यामुळे जरा लांबणार आहे, आणि त्यात टॅक्स, कंपन्या, देशादेशांचे करार असं बरंच काही येणार आहे. गीतेत हे कुठून आलं, असं वाटेल. थोडा धीर धरा.

आप्पांचा प्रश्न

माझं गाव नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात. दिवाळीला गावी गेलो होतो. सप्टेंबरच्या पावसानं अर्धं रान पाण्यात बसलं होतं. उरलेलं सोयाबीन काढून, वाळवून आप्पांनी लातूरला नेऊन एका आडतीवर घातलं. २०२५-२६ च्या हंगामाचा सरकारी हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. आप्पांच्या मालाला ओलावा जास्त म्हणून चार हजारही पुरते मिळाले नाहीत. वर पट्टीत हमाली आणि तोलाई कापलेली. आप्पा त्याबद्दल फार बोलले नाहीत. त्यांनी दुसरा एक कागद पुढे केला, फवारणीच्या औषधाचं बिल.

"हे अठरा टक्के कशाचे रं?"

"जीएसटी आहे आप्पा."

"म्हंजे टॅक्सच की. मग लोक म्हणत्यात शेतकऱ्याला टॅक्स न्हाई!"

मी समजावून सांगितलं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे खरंच आहे. पण औषध, डिझेल, साबण, मोबाईलचा रिचार्ज, जे जे विकत घेतो त्याच्या किमतीत कर असतोच. दुकानदार त्यानं भरलेला जीएसटी पुढच्या हिशेबातून वळता करून घेतो. शेतकऱ्याला तसं करता येत नाही, त्यामुळे तो कर त्याच्याच अंगावर राहतो.

आप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू बी टॅक्सचंच काम करतूस न्हवं पुण्याला? काय करतूस नेमकं?"

मी सवयीनं बोलून गेलो, "कंपन्यांना टॅक्स कमी कसा बसेल ते सांगतो."

"आन् मग त्यांचा जितका कमी झाला, तितका कोण भरतंय?"

ते रागानं बोलले नव्हते, टोमणाही नव्हता. खरोखर न कळल्यामुळे विचारलेला प्रश्न होता. मला उत्तर येत होतं आणि ते त्या बिलावर छापलेलं होतं. मी विषय बदलला.

ती फाइल

पुण्याला परत आलो तर टेबलावर एक नवी फाइल. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, कारण अशा फायली शेकड्यांनी असतात. प्रकार साधा असतो. एक कंपनी भारतात माल विकते. कारखाना इथं, कामगार इथले, गिऱ्हाईक इथलं, जाहिराती आपल्या भाषांतल्या. फक्त मालाचं जे नाव आहे, तो ब्रँड, त्याची मालकी कागदावर दुसऱ्या देशातल्या एका भगिनी-कंपनीकडे. त्या देशात कर जवळपास नाहीच. मग इथली कंपनी दर वर्षी 'आम्ही तुमचं नाव वापरतो' म्हणून त्या कंपनीला रॉयल्टी पाठवते. समजा इथं शंभर रुपये नफा झाला. सत्तर रॉयल्टी म्हणून तिकडे गेले. इथल्या कंपनीला नफ्यावरचा कर लागतो तो उरलेल्या तिसांवर. माझं काम होतं, ते सत्तर कसे योग्य आहेत याचा अहवाल लिहायचा.

मी एकच प्रश्न विचारला, तिकडच्या ऑफिसात माणसं किती आहेत? उत्तर आलं, एकही नाही. पत्ता आहे, पाटी आहे, वर्षातून एकदा मीटिंग होते.

फ्रान्सचे अर्थतज्ज्ञ गॅब्रिएल झुकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा जगभराचा हिशेब मांडला आहे. त्यांच्या अंदाजानुसार बहुराष्ट्रीय कंपन्या परदेशात जो नफा कमावतात, त्यातला सुमारे ३६ टक्के कागदोपत्री कमी कराच्या देशांत सरकवला जातो. म्हणजे माझी फाइल अपवाद नाही, ती रीतच आहे.

आणि मला आठवले आप्पा. आप्पांची साडेचार एकर काळी जमीन लोह्यातून उचलून कुठल्या बेटावर नेता येत नाही. औषधाचं बिल दुसऱ्या देशात फाडता येत नाही. जो हलू शकत नाही त्याच्याकडून कर पुरता घेतला जातो. जो हलू शकतो, तो जिथं कर नाही तिथं जाऊन बसतो. त्यासाठी त्याला प्रत्यक्ष जावंही लागत नाही, नुसता कागद गेला तरी भागतं.

देव म्हणजे कोण?

आता श्लोकाकडे येऊ. देवांनी दिलेलं, म्हणजे कुणी दिलेलं? यास्काचार्यांनी निरुक्तात 'देव' शब्दाच्या ज्या व्युत्पत्ती सांगितल्या आहेत, त्यातली एक 'दान' या अर्थावरून आहे. जो देतो तो देव. मला हा अर्थ फार आवडतो. पाऊस देणारा, ऊन देणारा तर देव आहेच. पण त्या कंपनीचा ट्रक ज्या रस्त्यावरून धावतो तो कुणी दिला? तिच्या कारखान्यात मशीन चालवणारी पोरं ज्या सरकारी आयटीआयमध्ये शिकली, तो कुणी चालवला? कुणी पैसे बुडवले तर ती ज्या कोर्टात धाव घेते, ते कुणाच्या पैशावर उभं आहे? हे सगळं कुणीतरी आधी भरलेल्या वाट्यातून झालेलं आहे. फवारणीच्या बिलावरचे ते अठरा टक्केही त्यातच आले.

मग या सगळ्याचा भोग घ्यायचा आणि वाट्याच्या वेळी 'आमचा नफा इथं झालाच नाही' म्हणायचं, याला भगवंत काय म्हणतील? शब्द आपण आत्ताच वाचला.

किल्लारीची भिंत

परदेशाशी आपला संबंध फक्त घेण्याचा आहे असं मात्र समजू नका. माझं आजोळ लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात, किल्लारीच्या जवळ. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. रात्री उशिरापर्यंत गणपती बोळवून गावं झोपली होती. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीची धाब्याची छतं, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. जवळपास आठ हजार माणसं गेली. माझ्या मामांनी त्या दिवशी दोन माणसं गमावली. ते अजूनही त्याबद्दल बोलताना मध्येच थांबतात आणि गुरांची गोष्ट सुरू करतात.

मामा आज ज्या पक्क्या घरात राहतात, त्याला ते 'जागतिक बँकेचं घर' म्हणतात. भूकंपानंतरचा पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम राज्य सरकारनं जागतिक बँकेच्या मदतीनं राबवला, देशभरातल्या संस्थाही धावून आल्या. लहानपणी मला वाटायचं, जागतिक बँक म्हणजे कुणी मोठा शेठ असावा. शिकल्यावर कळलं. गरीब देशांना अगदी सवलतीत पैसे देणारा बँकेचा जो विभाग आहे, त्यात श्रीमंत देश आपल्या अर्थसंकल्पातून पैसे घालतात. म्हणजे कुठल्यातरी थंड देशातल्या एका शाळामास्तराच्या पगारातून कापलेला कर फिरत फिरत आला आणि औसा तालुक्यात माझ्या मामांच्या घराची भिंत झाला. त्या मास्तरला किल्लारी कुठं आहे ते ठाऊक नाही. मामांना तो मास्तर ठाऊक नाही. नाव-गाव माहीत नसताना देणारा, तोही देवच नाही का?

ती मदत फुकट नव्हती, कर्ज होतं. आणि ते कर्जच होतं हे मला जास्त बरं वाटतं. कारण घेतलेलं परत गेलं की ते दुसऱ्या कुणाच्या भिंतीत लागतं. २०१४ मध्ये भारत त्या सवलतीच्या यादीतून बाहेर पडला, आणि पुढे आपण स्वतः त्या निधीत पैसे घालू लागलो. जुन्या विहिरीवरचं रहाटगाडगं आठवा. भरलेलं गाडगं वर येतं, रितं होतं, पुन्हा खाली जातं. एखादं गाडगं म्हणालं की मी भरलोय, आता रिता होणार नाही, तर सगळा रहाटच अडेल. पुढे सोळाव्या श्लोकात भगवंत याच चक्राबद्दल बोलणार आहेत. जो ते फिरतं ठेवत नाही त्याचं जगणं फुकट, इतकं कडक बोलणार आहेत.

ही बँक जिथं जन्मली त्या १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ४४ देश होते, आणि भारताच्या शिष्टमंडळात आपले चिंतामणराव देशमुख होते, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. देश तेव्हा पारतंत्र्यात. तरी त्या शिष्टमंडळानं गरीब देशांच्या विकासाचा मुद्दा तिथं लावून धरला. हेच देशमुख मेघदूताचं मराठीत भाषांतर करणारे संस्कृतचे जाणकार. अर्थशास्त्र एकीकडे आणि आपली पोथी दुसरीकडे, असं जे आपण मानतो, ते त्यांच्या आयुष्यात तरी तसं नव्हतं.

'परस्पर' हा शब्द

आता अवघड भाग. तुमच्यापैकी बरेच जण आयटीत आहात, बँकांत आहात. तुम्ही म्हणाल, अरे पण एकट्या भारतानं कडक कर लावला तर कंपनी उठून दुसऱ्या देशात जाईल. नोकऱ्या जातील. मग?

बरोबर आहे. आणि म्हणूनच कालचा श्लोक आजच्या श्लोकाच्या आधी येतो. एकमेकांना जपणं हे एकट्यानं होत नाही. एका देशानं कर कमी केला की शेजारचा त्याहून कमी करतो. मग तिसरा. या घसरगुंडीत आपणही उतरलो. सप्टेंबर २०१९ मध्ये भारतानं कंपन्यांच्या कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या कारखान्यांसाठी १५ टक्क्यांवर. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न सोडतोय, असं तेव्हा सरकारनंच सांगितलं होतं. मॉरिशसशी आपला १९८२ चा करार होता, एकाच कमाईवर दोनदा कर लागू नये म्हणून केलेला. हेतू चांगला. पण शेअर विकून झालेल्या नफ्यावर कर लावायचा हक्क त्यात मॉरिशसकडे, आणि मॉरिशस तो लावत नसे. दोनदा लागू नये म्हणून केलेल्या करारामुळे तो एकदाही लागेना! इथला पैसा मॉरिशसला वळसा घालून 'परदेशी' होऊन परत येऊ लागला. ती वाट बंद करायला २०१६ साल उजाडलं, तेही दोन्ही देश एकत्र बसले तेव्हा.

ऑक्टोबर २०२१ मध्ये भारतासह १३६ देशांनी मान्य केलं की मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर कुठंही किमान १५ टक्के कर बसलाच पाहिजे. एका देशानं कमी घेतला तर उरलेला दुसऱ्यानं वसूल करावा. मला हे वाचून अकरावा श्लोकच आठवला होता. पण भाबडेपणाही नको. या नियमांचा फायदा श्रीमंत देशांनाच जास्त, अशी अनेक गरीब देशांची तक्रार राहिली. केनिया, नायजेरिया, पाकिस्तान आणि श्रीलंका तेव्हा बाहेरच राहिले. आफ्रिकेतल्या देशांनी पुढाकार घेऊन हा विषय संयुक्त राष्ट्रांत नेला, तिथं सगळ्या देशांचा करार व्हावा म्हणून बोलणी सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं की तो पंधरा टक्क्यांचा करार आम्हाला लागू नाही, आणि पुढच्याच महिन्यात अमेरिका संयुक्त राष्ट्रांतल्या बोलण्यांतूनही उठून गेली.

पंगतीत सगळ्यांत मोठं ताट घेऊन बसलेला माणूस 'माझा शिधा मी देणार नाही' म्हणून उठला, तर बाकीच्यांनी काय करायचं? पंगत मोडायची?

दसवंध आणि पंगत

नांदेडचा माणूस या प्रश्नावर हुजूर साहिबकडे बघितल्याशिवाय राहत नाही. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजी नांदेडला गोदावरीकाठी देह ठेवून गेले. आज दिसतं ते सचखंड साहिब महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ च्या दरम्यान बांधवून घेतलं. तेव्हा नांदेड निजामाच्या राज्यात आणि रणजितसिंग लाहोरला! दुसऱ्याच्या राज्यात आपला खजिना रिता करायला त्यांना सरहद्द आडवी आली नाही.

शाळेत असताना आम्ही मित्र तिथं लंगरला जायचो, भूक लागली म्हणून, भक्ती वगैरे नंतर. रांगेत बसायचं. शेजारी कधी पंजाबहून आलेला ट्रकवाला, कधी कॅनडाहून आलेलं कुटुंब, कधी स्टेशनवर झोपणारा म्हातारा. सगळ्यांना एकच वरण, एकच रोटी. यामागची रीत म्हणजे दसवंध, आपापल्या कमाईचा दहावा भाग. कमाई मोठी तर वाटा मोठा, आणि ताट मात्र सगळ्यांचं सारखं. न्याय्य कर म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

आपल्याकडे आज हे उलटं दिसतं. देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे २०२२-२३ मध्ये उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा सुमारे ४० टक्के वाटा होता, असं जागतिक विषमतेचा अभ्यास करणाऱ्यांनी २०२४ मध्ये मांडलं. आणि औषधाच्या बाटलीवर मात्र साडेचार एकरवाल्याला आणि चारशे एकरवाल्याला टक्के तेवढेच.

दामाजीपंतांची पावती

"पण सरकार तरी कुठं धुतल्या तांदळाचं आहे? पैसे खातात. मग कर कशाला द्यायचा?" हा प्रश्न आपल्या वयाच्या सगळ्यांचा. याचं उत्तर मला दामाजीपंतांच्या गोष्टीत सापडलं.

मंगळवेढ्याचे दामाजीपंत बिदरच्या बादशहाचे अधिकारी. बिदर म्हणजे आमच्या लातूर-नांदेडच्या अगदी शिवेला. दुष्काळ पडला. कोठारात धान्य भरलेलं, आणि बाहेर माणसं मरताहेत. पंतांनी कोठारं उघडली. बादशहाला कळलं, पकडून आणायचा हुकूम सुटला. तेव्हा विठोबा विठू महाराच्या रूपानं बिदरला गेला, सगळ्या धान्याची रक्कम खजिन्यात भरली आणि पावती घेऊन आला. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो.

पण पावतीकडे लक्ष गेलं होतं कधी? देवच तो! बादशहाच्या मनातून हिशेबच पुसून टाकला असता. वहीच गहाळ केली असती. तसं केलं नाही. भुकेल्याचा हक्क पहिला, हे पंतांनी केलं त्याला देवानं साथ दिली. आणि खजिन्याचं देणं लागतं, तेही देवानंच भरलं, वर पावती घेतली. बादशहा चांगला की वाईट, हा प्रश्न त्यानं भरण्याच्या आड येऊ दिला नाही. यज्ञातला पुरोहित तूप चोरत असेल तर त्याला जाब विचारा, बदला, माहितीचा अधिकार वापरा, मत द्या. पण म्हणून आहुती खिशात घालून घरी जायचं, याला काही तोड म्हणत नाहीत.

आणि मी?

आता जे लिहायचं मी दोन दिवस टाळत होतो.

त्या फाइलचं काय झालं? मी सरांना सांगितलं की तिकडे कुणी काम करत नाही हे मला अहवालात लिहावं लागेल. सर माणूस म्हणून चांगले आहेत. म्हणाले, "हे कायद्यात बसवता येतं, तू जास्त विचार करतोयस." मग त्यांनी फाइल दुसऱ्याकडे दिली. अहवाल गेला. मी नोकरी सोडली नाही. फ्लॅटचा हप्ता आहे. जगात काहीही बदललं नाही. एकट्याच्या चांगुलपणानं चोरी थांबत नाही, तिला 'परस्पर' लागतं, करार लागतात, कायदे लागतात, हे मी पुस्तकातून नाही, त्या आठवड्यात शिकलो.

पण त्या रात्री श्लोक पुन्हा वाचला आणि 'स्तेन' शब्दावर अडकलो. कारण एक गोष्ट आठवली. पुण्यात आलो तेव्हा पहिली दोन वर्षं चुलतभावाच्या फ्लॅटवर राहत होतो. भाडं एक रुपया दिला नाही, किराणा तेवढा भरायचो. ऑफिसात मात्र दोन्ही वर्षं घरभाड्याच्या पावत्या जोडल्या. दादानं हसत हसत सह्या केल्या. सगळेच करतात, असं म्हणून मी कर वाचवला.

इथं कायद्यानं दिलेली सवलत आणि चोरी यात गल्लत करू नका. सरकार एखादी सूट उघडपणे देतं, ती घेण्यात काही पाप नाही. पण जे घडलं नाही ते घडलं म्हणून कागद करायचा, ही वेगळी गोष्ट. कंपनीचं नसलेलं ऑफिस आणि माझं न दिलेलं भाडं, यात फरक फक्त आकड्यातल्या शून्यांचा होता. मी ज्या कंपनीकडे बोट दाखवत होतो, तिची छोटी आवृत्ती माझ्याच कपाटात फाइल करून ठेवलेली होती.

गेल्या आठवड्यात दोन्ही वर्षांचं अपडेटेड रिटर्न भरलं. जादा कर, व्याज, सगळं मिळून एका पगाराहून थोडं जास्तच गेलं. खरं सांगतो, 'पे' बटण दाबताना हात आखडला. दिल्यावर फार पवित्र वगैरे वाटलं नाही. चडफडाटच झाला थोडा. फक्त आप्पांना फोन केला तेव्हा, त्या दिवशी बदललेला विषय मी आपणहून पुन्हा काढला. सगळं सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं केलंस. हरभरा उगवून आलाय चांगला."

आजचा संकल्प

मंडळी, देशादेशांचे करार आपल्या हातात नाहीत. पण त्यांच्याकडे 'मोठ्या लोकांचं राजकारण' म्हणून पाठ फिरवणं आपल्या हातात आहे, आणि ते आजपासून सोडू या. एकमेकांना जपणं हा अध्यात्मातला शब्द आहे, तसाच तो करारातलाही आहे. कुठला देश पंगतीतून उठला, कुठला बसून राहिला, आपल्या देशानं काय भूमिका घेतली, हे वाचू, विचारू, बोलू.

आणि दुसरं, आज रात्री ताट वाढून घेण्याआधी एक मिनिट थांबा. या घासात कुणाकुणाचा वाटा आहे ते मोजा. पाऊस, माती, शेतकरी, रस्ता, आणि नाव माहीत नसलेला तो थंड देशातला मास्तर. मग स्वतःला विचारा, यातलं परत किती गेलं?

हे पांडुरंगा, कायद्यात बसतं म्हणून मन गप्प बसवायची माझी सवय मोड. जे माझं नाही ते माझ्याकडे अडकून राहू देऊ नकोस. आणि ज्यांना हलता येत नाही, त्यांच्या खांद्यावरचं ओझं जे हलू शकतात त्यांना वाटून घ्यायची बुद्धी दे. सुरुवात माझ्यापासून कर.

उद्या तेरावा श्लोक, जो फक्त स्वतःपुरतं शिजवतो त्याच्याबद्दल. तोही सोपा नाही. भेटू.

रामकृष्णहरी!